सोरायसिस आणि ‘नैसर्गिक’ पूरकं: सोलापुरातल्या नवख्या रुग्णांसाठी

सोरायसिसचं निदान झालं की महिन्याभरात घरात डबे जमा व्हायला लागतात. मेहुण्याने पुण्याहून पाठवलेली पावडर, व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओतलं तेल, शेजारच्या काकूंच्या बहिणीला ‘शंभर टक्के’ गुण आलेला काढा. सोलापुरात माझं औषधांचं दुकान आहे. लोक हे सगळं पिशवीत भरून आणतात, काउंटरवर ओततात आणि विचारतात, “अण्णा, यातलं नेमकं कुठलं घेऊ ओ?” मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. निदान करणं, डोस ठरवणं माझं काम नव्हे. पण कशात काय मिसळलं की घोटाळा होतो ते बघणं माझंच काम, आणि या आजारात घोटाळे भरपूर होतात.

आधीच सांगतो, पूरकांनी सोरायसिस मुळापासून जात नाही. तशी हमी देणारा भेटला तर पाकीट खिशातच राहू द्या. प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा हा आजार आहे. त्वचेची पेशी तयार होऊन वर यायला आणि झडायला एरवी साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं. म्हणून पापुद्र्यांचा थर साचतो, खाली लाली आणि खाज. हा आजार एका ताटात जेवून, एक चादर पांघरून किंवा हात धरून कुणाला लागत नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने ठराव करून त्याला गंभीर असंसर्गजन्य आजार म्हटलं, तरी आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत लोक अजून सरकून बसतात.

दुसरी गोष्ट, हा आजार कमी-जास्त होत राहतो. कधी औषध न घेताही महिनोन्महिने दबून बसतो. पूरकांचा निम्मा धंदा याच एका गोष्टीवर चालतो.

पायरी १: आधी आजाराचं नाव पक्कं करा

कोपर, गुडघे, कमरेचा खालचा भाग, डोक्यात केसांच्या कडेने जाड चट्टे आणि त्यावर पांढरट चकचकीत पापुद्रे, ही नेहमीची ओळख. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा तपकिरी दिसते. काहींच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात.

पण चट्टा दिसला म्हणजे सोरायसिस असं नाही. सोलापूरच्या उकाड्यात नायटा-गजकर्ण घरोघरी. मागावर घामात उभं राहून पाळी करणाऱ्याच्या जांघेत तर हमखास. त्यावर कुणाला न विचारता स्टिरॉइडची ट्यूब चोळली की वरून बरा दिसतो आणि आतून पसरत जातो. एक्झिमा, रंगाची किंवा केमिकलची ॲलर्जी, क्वचित कुष्ठरोगसुद्धा असा फसवतो. म्हणून पहिला खर्च त्वचारोगतज्ज्ञावर करा. खासगीचं परवडत नसेल तर सिव्हिल आहे, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला ते जोडलेलं आहे. सकाळी लवकर निघा, केसपेपरलाच रांग असते.

डॉक्टरांसमोर दोन गोष्टी आपणहून काढा. एक, सांधे. सकाळी उठल्यावर बोटं बराच वेळ आखडतात का, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजतं का, टाच दुखते का. सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांना सांध्यांचाही आजार होतो आणि एकदा सांधा झिजून वाकडा झाला की तो पूर्ववत होत नाही. तिथे पावडरीत घालवलेला प्रत्येक महिना नुकसानीचा. दुसरं, आधीपासून चालू असलेल्या गोळ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या (बीटा ब्लॉकर), लिथियम, क्लोरोक्वीन यांनी सोरायसिस भडकू शकतो. मात्र यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. नुसतं सांगा, बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

पायरी २: काही घ्यायच्या आधी वहीत लिहा

हे लोक करत नाहीत. शंभर पानी वही घ्या. आपला तळहात बोटांसकट साधारण अंगाच्या १ टक्का भरतो. त्या मापाने किती पंजे जागा व्यापली आहे ते लिहा. चट्ट्यांचे फोटो काढा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून. नाहीतर ट्यूबलाइटखालचा आणि उन्हातला फोटो शेजारी ठेवून माणूस स्वतःचीच फसवणूक करतो. जाहिरातींमधले ‘आधी-नंतर’ फोटो बहुतेक असेच असतात. खाजेला शून्य ते दहा गुण द्या.

रक्त तपासून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृतासाठी एसजीपीटी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, साखर, चरबीचं प्रमाण आणि ड जीवनसत्त्व. सोरायसिसवाल्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराची शक्यता जास्त असते, त्यामुळे या तपासण्या एरवीही वाया जात नाहीत. पण पूरकं घेणार असाल तर यकृताचा सुरुवातीचा आकडा हातात असायलाच हवा. नंतर तो वाढला तर कशाने वाढला हे कळायला दुसरा मार्ग नाही.

आणि तारखेसोबत हवा लिहा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी होते, आंघोळीला कढत पाणी लागतं, चट्टे फुटतात. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते त्या सुमारास बहुतेकांचा आजार वरच्या टोकाला असतो. तिथून होळीपर्यंत ऊन चढत जातं, उन्हातल्या अतिनील किरणांनी पेशींची ती घाई मंदावते, आणि बऱ्याच जणांचे चट्टे आपोआप उतरतात. आता सांगा, जानेवारीत त्रास असह्य झाल्यावर तुम्ही पावडर सुरू केलीत आणि मार्चमध्ये अंग साफ झालं, तर श्रेय कुणाला? गड्ड्यात घेतलेली कुठलीही पावडर होळीला गुणकारी ठरते. काही जणांचं उलटंही असतं, मे महिन्यात घामाने वाढतं. तुमचं कसं आहे ते वर्षभराची वहीच सांगेल.

पायरी ३: चालू औषधांशी टक्कर होते का ते बघा

सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर सगळ्यात जास्त जपा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. म्हणून मी पाकिटावर वार लिहून देतो, ‘फक्त रविवार’ असा. या औषधाने यकृतावर भार येतो. त्यात दारू आली, शिंदी आली किंवा यकृताला त्रास देऊ शकणारी वनस्पती आली की भार दुप्पट. गुळवेल, अश्वगंधा, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या, जास्त मात्रेतलं कर्क्युमिन, या सगळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. सगळ्यांनाच होत नाही, पण मेथोट्रेक्सेटवर असताना तो जुगार कशाला? डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्या आणि सल्फाची अँटिबायोटिकंही या औषधाबरोबर विचारल्याशिवाय घेऊ नका.

ॲसिट्रेटिन हे अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध. ते चालू असताना कॉड लिव्हर ऑइल किंवा अ जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन घेतली तर अ जीवनसत्त्व अंगात विषारी पातळीला जाऊ शकतं. माशाचं तेल आणि माशाच्या यकृताचं तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, बाटली नीट वाचा. मूल होऊ शकणाऱ्या बायकांना हे औषध सहसा देतच नाहीत, कारण ते बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते.

सायक्लोस्पोरिनवर असाल तर पपनस आणि ग्रेपफ्रूट नको, औषधाची रक्तातली पातळी वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर माशाचं तेल, कर्क्युमिन, लसणाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. बायोलॉजिक इंजेक्शनं चालू असतील तर ‘इम्युनिटी बूस्टर’ नावाचं काहीच नको. ज्या आजारात प्रतिकारशक्तीच बेफाम झालेली आहे तिथे ती आणखी चेतवायचा उद्योग मला कधी समजला नाही.

पायरी ४: बाटलीच्या आधी बादली, टॉवेल आणि भाकरी

दुकानदार असून सांगतो, सगळ्यात स्वस्त गोष्टींचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. आंघोळीला कढत पाणी बंद, कोमट घ्या. आपल्या बोअरच्या जड पाण्याने कातडी आणखी कोरडी पडते, त्यामुळे साबण सौम्य आणि गरजेपुरताच. मग टॉवेल. सोलापुरात जन्मलेल्या माणसाला टेरी टॉवेलबद्दल काय शिकवायचं, पण तो खसाखसा चोळायची आपली सवय इथे नडते. कातडीला खरचटलं की तिथेच नवा चट्टा उगवतो, याला डॉक्टर कोबनर परिणाम म्हणतात. टॉवेल नुसता टेकवून पाणी टिपा, अंग दमट असतानाच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. उन्हाळ्यात दिवसा चिकट होतं म्हणून लोक सोडून देतात. तेव्हा दिवसा हलकं लोशन आणि रात्री जाड मलम, अशी विभागणी करा. एक सावधगिरी मात्र हवी. जेली किंवा पॅराफिनचं मलम मुरलेले कपडे चटकन पेट घेतात. त्या साडीत गॅसपाशी उभं राहू नका आणि विडी पेटवू नका. विडी-सिगारेटने सोरायसिस वाढतो तो वेगळाच.

वजन जास्त असेल तर ते उतरवणं हेच सगळ्यात भक्कम ‘पूरक’. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ साली आहाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात जाड रुग्णांनी वजन कमी करावं ही शिफारस सगळ्यात ठाम आहे. गहू सोडा असं त्यांनी सरसकट कुणालाच सांगितलेलं नाही. रक्ततपासणीत ग्लुटेन न सोसण्याच्या खुणा दिसल्या तरच सोडायचा. आपण ज्वारी खाणारी माणसं, आपल्याला त्यात फार काही सोडावं लागत नाही. महागडं ‘ग्लुटेन-फ्री’ पीठ आणण्यापेक्षा मंगळवेढ्याची मालदांडी आणा.

भाकरीसोबत जवसाची चटणी. जवसात ओमेगा-३ जातीचं अल्फा लिनोलेनिक ॲसिड भरपूर असतं. शरीर त्यातला थोडासाच भाग माशाच्या तेलातल्या ईपीए-डीएचएमध्ये बदलू शकतं, त्यामुळे जवसाने चट्टे जातील असं म्हणणार नाही. पण तेलकट शेव-भज्यांच्या जागी ती चटणी आली तर वाईट काहीच नाही. जवस अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात. थोडे भाजून कुटायचे, आठ-दहा दिवस पुरतील एवढेच, घट्ट झाकणाच्या बरणीत. जास्त कुटून ठेवले की खवट वास येतो, मग टाकून द्या. जवसाच्या चोथ्याने औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून गोळ्या आणि चटणी यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा.

मासे खात असाल तर बर्फातून येणारा बांगडा आठवड्यातून दोनदा. उजनीचा चिलापी चवीला छान लागतो, पण ओमेगा-३ मध्ये समुद्राच्या बांगड्याची बरोबरी करत नाही.

पायरी ५: आता बाटलीतली पूरकं, एकेक

*माशाचं तेल.* सगळ्यात जास्त अभ्यासलेलं. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत रोज दहा कॅप्सूल घेणाऱ्यांची खाज, लाली, पापुद्रे कमी झाले. १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत माशाचं तेल मक्याच्या तेलापेक्षा सरस ठरलं नाही. म्हणजे थोडा फायदा होईल, नाहीतर होणारही नाही. आता दुकानातली कॅप्सूल बघा. पुढे मोठ्या अक्षरात ‘१००० मिलिग्रॅम’, मागे बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२०. बाकीचं नुसतं तेल. त्या ब्रिटिश चाचणीतली मात्रा गाठायची तर दिवसाला अशा दहाच लागतील. रोज एक घेऊन “काही फरक नाही ओ अण्णा” म्हणणाऱ्याला मी हेच गणित करून दाखवतो. घ्यायचीच तर ईपीए-डीएचएची बेरीज जास्त असलेली घ्या, जेवणात घ्या, आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. शाकाहारी असाल तर शेवाळापासून काढलेलं ओमेगा-३ मिळतं, महाग आहे.

*ड जीवनसत्त्व.* याबद्दल गैरसमज मोठा. सोरायसिसवर लावायचं कॅल्सिपोट्रिऑल हे मलम ड जीवनसत्त्वाच्याच कुळातलं आहे आणि ते चांगलं काम करतं. त्यावरून लोक समजतात की पोटातून घेतलं तर आणखी चांगलं. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी पातळी कमी असलेल्या सोरायसिसच्या रुग्णांना हिवाळाभर ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं, चट्ट्यांत फरक पडला नाही. तरी तपासणीत कमतरता निघाली तर ती भरून काढायलाच हवी, हाडांसाठी. आपल्याकडे त्यासाठी ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक, ठरावीक आठवडे देतात. हेच सॅशे रोज दुधातून घेतलं की रक्तात कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, भ्रम, शेवटी मूत्रपिंड. घरात मेथोट्रेक्सेट आणि हे सॅशे दोन्ही असतील तर दोन्ही आठवड्याची औषधं कॅलेंडरवर खूण करून घ्या.

*हळद आणि कर्क्युमिन.* भाजीतली हळद खुशाल खा. तिच्यात कर्क्युमिन जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. म्हणून कंपन्या त्यात मिऱ्याचा अर्क, म्हणजे पिपरीन घालतात किंवा ते स्निग्ध पदार्थाशी बांधतात. इटलीत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत अशा बांधलेल्या कर्क्युमिनने ६३ रुग्णांमध्ये चांगला परिणाम दाखवला. पण दोन्ही गटांना स्टिरॉइडचं मलम चालूच होतं. कर्क्युमिन मलमाच्या जोडीला होतं, मलमाच्या जागी नव्हतं. हे वाक्य डब्यावर कुणी छापत नाही. पिपरीनची दुसरी बाजू अशी की ते हळदीसोबत इतर औषधांचंही शोषण वाढवतं. तुमची फिटच्या झटक्याची किंवा हृदयाची गोळी मोजून दिलेली असते, तिची पातळी बदलली तर महागात पडेल. पित्ताशयात खडे असतील तर कर्क्युमिन नकोच.

*बायोटिन.* नखात खड्डे दिसले की पार्लरवाल्या ताई हे सुचवतात. सोरायसिसच्या नखांना त्याने गुण येतो याला भरवशाचा आधार नाही. उलट जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येतात. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलात आणि ट्रोपोनिन, म्हणजे हार्ट अटॅक ओळखायची तपासणी, खोटंच कमी आलं, तर काय होईल याचा विचार करा.

झिंक, सेलेनियम, इव्हिनिंग प्रिमरोज तेल: पैसे वाचवा. प्रोबायोटिक: अजून कच्चं आहे, ताक प्या.

*कोरफड.* वरून लावायला हरकत नाही, पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्या, त्याने कातडी चुरचुरते. चाचण्यांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. मी तिला ओलावा देणारी वस्तू म्हणतो, त्यापलीकडे नाही. करंजाचं तेल, आणि काळ्या कुड्याची पानं खोबरेल तेलात उन्हात मुरवून केलेलं सिद्ध पद्धतीचं ‘७७७’ तेल, हीसुद्धा वरूनच लावायची. कुठलंही नवं तेल आधी मनगटाच्या आत रुपयाएवढ्या जागेवर दोन-तीन दिवस लावून बघा.

*बावची.* हिला मी वेगळी काढतो. बावचीत सोरॅलेन असतं, जे कातडीला उन्हासाठी फार हळवं करतं. डॉक्टर हेच तत्त्व मशीनखाली, सेकंद मोजून वापरतात. घरी बावचीचं तेल लावून एप्रिलच्या सोलापुरात अकरा वाजता गच्चीवर बसलात तर भाजल्यासारखे फोड येतील. पोटातून घेतली तर यकृताचीही भीती. घरगुती प्रयोगात ती नकोच.

कडुनिंबाची पानं आंघोळीच्या पाण्यात टाका, पण कडुनिंबाचं तेल पोटात घेऊ नका. लहान मुलांना तर थेंबभरही नको, मुलं त्याने बेशुद्ध पडून गंभीर झाली आहेत.

पायरी ६: पाकीट उलटं करून वाचा

एक विणकर मामा प्लास्टिकची छोटी पुडी घेऊन आले होते. राखाडी पावडर, नाव नाही, पत्ता नाही. “चार दिवसांत साफ झालं बघा. डॉक्टरचं मलम सहा महिने लावलं, एवढं झालं नव्हतं.” मी विचारलं, भूक वाढलीय का? “लई. रात्री उठून खातोय.” चेहरा गोल झाला होता, साखर कधी नव्हे ती दोनशेच्या वर. पुडीत स्टिरॉइड आहे हे मी डोळ्यांनी सांगू शकत नाही, पण सोरायसिस चार दिवसांत ‘नैसर्गिक’ पावडरीने साफ होत नाही, हे नक्की सांगू शकतो. अशी पुडी अचानक बंद केली तर आजार उसळून येतो, अंगभर पूने भरलेल्या पुळ्याही येऊ शकतात. म्हणून ती घरी फेकून न देता डॉक्टरांकडे न्यायची आणि सोडायची कशी ते त्यांनाच विचारायचं. मामांना मी तेच सांगून पाठवलं.

पाकिटावर काय हवं? आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादनाचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारखा, घटकांची यादी आणि कंपनीचा पूर्ण पत्ता. अन्नपूरक म्हणून विकलं जात असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक. ‘गुप्त फॉर्म्युला’ लिहिलेलं काहीच नको.

पारा, हरताळ, ताम्रभस्म असलेली रसौषधं त्वचारोगात सर्रास दिली जातात. आरोग्यवर्धिनीत पारा-गंधकाची कज्जली असते, रसमाणिक्य हरताळापासून बनतं, म्हणजे त्यात आर्सेनिक. अशा औषधांच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तो वाचा आणि पाळा. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आयुर्वेदाचे उपचार घ्यायचे असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडे बसून घ्या. सोलापुरात शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे तपासून, नाडी बघून, लिहून औषध मिळतं. मात्र त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी वैद्यांना आणि वैद्यांची त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दोघंही रागावतील या भीतीने लोक दोन्हीकडे गप्प बसतात, आणि दोन्हीकडची औषधं पोटात एकत्र होतात.

पायरी ७: एका वेळी एकच

यादी मोठी वाटत असली तरी निवड सोपी आहे. एक पूरक निवडा. तीन महिने घ्या. त्या काळात दुसरं काही नवं सुरू करू नका, डॉक्टरांचं औषध बंद करू नका. महिन्याला फोटो, पंजे, खाज वहीत लिहा. दीड महिन्याने एसजीपीटी पुन्हा करा. तीन महिन्यांनी फरक दिसला तर ते महिनाभर थांबवून बघा. पुन्हा वाढलं तरच त्याचा हात होता असं थोडंफार म्हणता येईल. फरक दिसला नाही तर डबा बंद, उरलेला शेजाऱ्याला देऊ नका.

चार एकदम सुरू केली तर गुण कशाने आला ते कळत नाही, आणि त्रास कशाने झाला तेही कळत नाही. घरचे विचारतात, “एवढं आणलंय, घेत का नाहीस?” त्यांना वही दाखवा. गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि लहान मुलांसाठी हा प्रयोगसुद्धा नको. तिथे बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय साधी कॅप्सूलही नाही.

पायरी ८: कधी सगळं थांबवून धावायचं

डोळे किंवा लघवी पिवळी झाली, पोटाच्या उजव्या बाजूला दुखतंय, जेवण जात नाही: सगळी पूरकं त्याच दिवशी बंद आणि यकृताची तपासणी. मेथोट्रेक्सेट घेताना तोंडात फोड आले, ताप आला, अंगावर निळे डाग उठले: वाट बघू नका, तसेच निघा. सगळं अंग लाल होऊन थंडी वाजते आहे, किंवा चट्ट्यांवर पूच्या पुळ्या उठून ताप आलाय, तर रात्रीचे किती वाजलेत ते न बघता अपघात विभागात जा. अशा वेळी कातडी अंगातलं पाणी आणि उष्णता धरून ठेवू शकत नाही, जीव धोक्यात येतो.

जाताना गेल्या तीन महिन्यांत पोटात गेलेल्या सगळ्या वस्तूंची पाकिटं सोबत न्या, बिननावाची पुडी सगळ्यात आधी. औषधाचा दुष्परिणाम कळवायला केंद्र सरकारचा मोफत नंबर आहे, १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः फोन करू शकतो. नंबर लागला नाही तर तुमच्या डॉक्टरांकडून किंवा जवळच्या औषध दुकानातून दुष्परिणामाचा फॉर्म भरून घ्या. आम्हाला तो भरता येतो, पाच मिनिटांचं काम आहे.